माळ रिकामा नाही, हे आधी कागदावर यावे

पत्र

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

जत तालुक्यातील आमची संस्था २०१६ साली नोंदली गेली. धनगर वाड्यांबरोबर राहून आम्ही माळावरची गवते, मेंढीचे जुने वाण, सनगर कारागिरांची घोंगडी आणि धनगरी ओवी यांच्या नोंदी ठेवतो आणि जमेल तेवढे जतन करतो. वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या आसपास असतो व तो लहान देणग्यांतून भागतो. यंदा एकदम तीन प्रस्ताव आले आहेत. आमच्या भागात पवनचक्क्या असलेली एक खासगी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, २५ लाख रुपये देऊ करते. अट अशी, की मार्चअखेर गावच्या ४० एकर गायरानावर दहा हजार झाडे लावायची. एका विद्यापीठाच्या विभागाला आमची साठ तासांची ओव्यांची ध्वनिमुद्रणे आणि औषधी वनस्पतींच्या नोंदी हव्या आहेत. त्याबद्दल ते आम्हाला 'ज्ञान-भागीदार' म्हणणार आहेत. शिवाय एका विश्वस्तांचा जर्मनीतला पुतण्या तिकडच्या मित्रांकडून पैसे जमवून आमच्या खात्यात पाठवतो म्हणतो. सात विश्वस्तांपैकी चौघांचे म्हणणे आहे, की घरी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. मला मात्र रात्रीची झोप लागत नाही. काय करावे?

— एक सचिव, जत तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

चौघा विश्वस्तांना मी दोष देणार नाही. साडेचार लाखांत वर्ष रेटणाऱ्या माणसांपुढे कोणी २५ लाखांचा आकडा ठेवला, की नजर त्या आकड्यावरून हलत नाही. तरीही तिन्ही प्रस्तावांना एकच प्रश्न विचारून पाहावा, असे मला वाटते: या कामाला नाव कोण ठेवत आहे? आपण ज्याला माळ म्हणता त्याला कंपनी पडीक जमीन म्हणते, आणि आपण ज्याला ओवी म्हणता त्याला विद्यापीठ डेटा म्हणते. एकदा करारात त्यांचा शब्द गेला, की पुढचे तीन वर्षांचे अहवाल आपल्याला त्यांच्याच शब्दांत लिहावे लागतात, आणि तसे लिहिता लिहिता कामही तसेच होऊन बसते. हे मी अनेक संस्थांच्या दप्तरांत पाहिले आहे.

पुतण्याचा प्रस्ताव आधी घेतो, कारण तेथे चूक झाली तर उरलेल्या दोन प्रश्नांना अर्थच राहणार नाही. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्याखाली, ज्याला आपण सगळे एफसीआरए म्हणतो, केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी व्यक्तीकडून वा संस्थेकडून एक रुपयाही घेता येत नाही, मग देणारा कितीही घरचा असो. पुतण्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या पगारातून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे पाठवणार असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत आणि रक्कम स्वतःची असल्याचे त्याचे पत्र फाइलला लावून ते पैसे खुशाल घ्यावेत. त्याने जर्मन नागरिकत्व घेतले असेल, तर परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारे ओसीआय कार्ड जवळ असले तरी कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी स्रोतच, आणि त्याच्या मित्रांबद्दल तर शंकेला जागा नाही. मित्रांचे पैसे स्वतःच्या खात्यात जमवून स्वतःच्या नावाने पाठवण्याची युक्ती कोणीतरी सुचवेलच. ती ऐकू नये.

रीतसर नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते आणि मागील तीन वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. आपली बेरीज साडेतेरा लाखांवर थांबते, म्हणजे ती पायरी अजून थोडी वर आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेने परदेशी पैसे घ्यायचे आणि त्यातले आपल्याला द्यायचे, हा पूर्वी रुळलेला रस्ता २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. नोंदणी मिळाल्यावरही पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. एवढा संसार मांडण्याइतके मनुष्यबळ आपल्याकडे आज दिसत नाही. पुतण्याला सांगा, की मित्रांना खरेच आस्था असेल तर त्यांनी सनगर कारागिरांकडून थेट घोंगड्या विकत घ्याव्यात. तो सरळ व्यापार झाला, आणि पैसे ज्याच्या हाती पडायला हवेत त्याच्या हाती पडतील.

आता कंपनी. चाळीस एकरांत दहा हजार झाडे, म्हणजे एकरी अडीचशे. एवढी झाडे जगली, तर मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांना लागणारे ऊन खाली पोहोचणार नाही. रोपे जगवायची म्हणून कुंपण पडेल आणि मेंढरे बाहेर राहतील. उघड्या जमिनीवर अंडी घालणारे धाविक आणि चंडोल जागा सोडतील, आणि लांडगा व खोकड यांचा वावर उठेल. म्हणजे ज्या गोष्टी राखण्यासाठी आपण संस्था काढली त्या काढून टाकण्याचे कंत्राट आपणच घेतल्यासारखे होईल. झाडे जगली नाहीत, तर निराळी फजिती आहे. ती मी स्वतः भोगली आहे.

कऱ्हाड तालुक्यातील एका संस्थेचा मी चिटणीस असताना आम्ही अशाच एका प्रस्तावावर सही केली होती. पाच हजार रोपे, रोपामागे ठरलेला दर, आणि त्या दरात खड्डा, रोप, खत व फलक. पाण्याचा टँकर धरलेला नव्हता, कारण अंदाजपत्रक देणगीदाराच्या कार्यालयात तयार झाले होते आणि आम्ही त्याची फक्त बेरीज तपासली होती. फेब्रुवारीत पाहुणे आले, फोटो निघाले. मे महिन्यात मी एकटाच गेलो, तेव्हा आळ्या-आळ्यात सुकलेली काडी होती आणि प्रत्येक काडीशेजारी पत्र्याचा फलक ताठ उभा होता. एका फलकावर होला बसला होता; त्याला बसायला तेवढीच जागा झाली होती. रोपे जगण्याचे प्रमाण विचारणाऱ्या पत्राला उत्तर लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि उशिरा मागवलेल्या टँकरचे बिल आम्ही विश्वस्तांनी खिशातून भरले.

आपले विश्वस्त सागरेश्वरचे उदाहरण देतील, आणि ते देण्यात गैर काही नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर उभे राहिलेले ते वन १९८५ मध्ये अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण सांगली जिल्ह्याला त्याचा रास्त अभिमान आहे. मात्र तेथे एक माणूस आणि त्याच्याबरोबरचे लोक वर्षानुवर्षे राबत होते, आणि त्यांच्या डोक्यावर मार्चअखेरची तारीख नव्हती. जतच्या मुरमाड माळावर मार्चमध्ये कुदळ मारली, तर ती खडकावर वाजते एवढेच.

कंपनीला नकार कळवू नका. तिच्यापुढे दुसरा प्रस्ताव ठेवा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि ती कशावर करता येते याची यादी अनुसूची सातमध्ये आहे. त्या यादीच्या चौथ्या बाबीत पर्यावरणाचा समतोल आणि वनस्पती व प्राण्यांचे संरक्षण येते, तर पाचव्या बाबीत वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक हस्तकला. झाडेच लावली पाहिजेत, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. अधिकाऱ्यांना झाडे आवडतात, कारण ती मोजता येतात आणि फोटोत येतात. तेव्हा मोजता येईल असे दुसरे काहीतरी आपण त्यांच्या हाती दिले पाहिजे, आणि आपल्याकडे ते आहे.

एक घोंगडी समोर ठेवून प्रस्ताव लिहायला बसा, असे मी सुचवेन. काळ्या लोकरीची मेंढी, तिची कातरणी, बायकांनी काढलेले सूत, सनगराचा माग, आणि विणून झाल्यावर ताठरपणा यावा म्हणून कुंच्याने फासलेली चिंचोक्याची खळ: एवढ्या हातांतून ती येते. लोकरीला भाव उरला नाही आणि मटणाला आला, म्हणून कळपात झटपट वाढणारी, कमी लोकरीची मेंढी वाढली. काळी लोकर आटली तसे माग थांबले. गायराने बंद होत गेली तसे कळपच लहान झाले. आणि बिरोबाच्या ओवीत घोंगडी येते तेव्हा ऐकणाऱ्या पोराने ती घरात पाहिलेली नसते. गवत, मेंढी, माग आणि ओवी हे चार विषय नाहीत, हे यापेक्षा सोप्या रीतीने कोणत्याही संचालक मंडळाला सांगता येणार नाही. जैविक आणि सांस्कृतिक विविधतेचे नाते अतूट आहे, असे लोक-जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८८ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे जाहीर केले होते. प्रस्तावात त्याचा एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही, पण घोंगडीची हकिकत त्याच्या आधी यावी.

मग मोजमाप. गवत फुलावर असताना चराईबंदी पाळलेले एकर किती, काळ्या लोकरीचे एडके किती कळपांत सोडले, किती किलो लोकर काय भावाने विकली गेली, माग किती चालले, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात पक्ष्यांची गणना काय आली. यातले गवताचे आणि पक्ष्यांचे आकडे चौथ्या बाबीखाली, लोकरीचे आणि मागाचे पाचव्या बाबीखाली दाखवावेत. प्रकल्प एक, शीर्षे दोन. कंपनीचा सनदी लेखापाल कोणती बाब म्हणून विचारेल, तेव्हा अडखळायला नको.

मार्चअखेरची घाईही खरे तर अनावश्यक आहे. नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे: सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प कंपनीच्या संचालक मंडळाला मंजूर करता येतो आणि त्यातली न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत एका वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढे वापरता येते. अधिकारी हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना त्यासाठी मंडळापुढे कागद न्यावा लागतो. आपण विनंतीपत्रात हा शब्द घालावा. २५ लाख एका वर्षात पचवण्याची आपल्या संस्थेची ताकद नाही, हे आपणही जाणता. वर्षाला सहा-सात लाख, असे चार वर्षे मिळाले तर काम मुरेल.

पवनचक्क्यांच्या कंपनीचा पैसा घ्यावा की नाही, ही शंका आपण पत्रात लिहिलेली नाही, पण ती आपल्या झोपेच्या आड येत असावी. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपण वाचला असेल. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागापेक्षा जवळजवळ चारपटींनी कमी आढळले, आणि ते कमी झाल्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे मात्र वाढले. (या सरड्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव 'सारडा सुपर्बा' असे आहे, आपला मराठी 'सरडा' थेट शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला, याची मला उगाच गंमत वाटते.) माझे मत असे, की पैसा घ्यावा, पण करारात एक कलम लिहून घ्यावे: पक्ष्यांच्या गणनेचे आकडे जसे येतील तसे, कंपनीच्या संमतीविना प्रसिद्ध करण्याचा हक्क संस्थेचा राहील. हे कलम कंपनीने मान्य केले, तर ती भागीदार. तिने ते खोडले, तर आपल्याला उत्तर मिळाले. त्याच करारात, या जमिनीवरील कार्बनचे (म्हणजे झाडा-गवताने शोषलेल्या कार्बनच्या हिशेबावर विकता येणारे) कोणतेही हक्क कंपनीकडे जात नाहीत, हेही एका ओळीत लिहावे. हल्ली लागवडीच्या करारांत ती गोष्ट मागच्या पानावर सापडते.

गायरान आपले नाही, हे विसरू नये. चाळीस एकरांविषयी कोणताही शब्द देण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव हवा, आणि त्या सभेला वाड्यावरची माणसे हजर असतील असा महिना निवडायला हवा. दिवाळीनंतर कळप बाहेर पडलेले असताना सभा घेतली, तर गायरानाचा निर्णय गायरान वापरणाऱ्यांवाचून होईल.

कागदोपत्री आणखी दोन गोष्टी लागतील. सीएसआरचा पैसा थेट घेण्यासाठी कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याला आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या जिवंत असाव्या लागतात. आपल्या नोंदण्यांची मुदत केव्हा संपते ते आजच पाहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने छापील नमुने न वापरता लेखापालाला विचारूनच पुढे जावे. दुसरी गोष्ट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली. विश्वस्त बदलले असतील आणि चेंज रिपोर्ट प्रलंबित असेल, तर परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जुनी नावे आणि करारावर नवी सही, असा घोळ होतो आणि मंजूर झालेला पैसा त्यापायी अडकतो.

अंदाजपत्रकात आपला स्वतःचा खर्च लपवू नका. सचिवाचे मानधन, एसटीचे भाडे, फोन, लेखापरीक्षकाची फी, वाड्यावर मुक्कामाला गेल्यावर लागणारा शिधा हे सारे कामाचेच भाग आहेत. 'आम्ही सगळे फुकट राबतो' हे वाक्य ऐकायला बरे वाटते, पण तेच वाक्य पुढच्या वर्षी आपल्याच गळ्यात पडते.

सीएसआरच्या नादात आपल्या जिल्ह्याचा खरा पैसा कोठे आहे, हे विसरले जाते. सांगली-साताऱ्यात साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, पतसंस्था यांपैकी पुष्कळ सहकारी आहेत, आणि त्यांना कलम १३५ लागू होत नाही. म्हणून कोणी त्यांच्याकडे जातच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ मध्ये मात्र संस्थेला राखीव निधी वगैरे बाजूला काढल्यावर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम धर्मादाय वा सार्वजनिक कामासाठी ठेवता येते आणि अधिसूचित संघीय संस्थेच्या मान्यतेने वापरता येते. ही सक्ती नाही, मुभा आहे. म्हणून अर्ज नफ्याची वाटणी ठरण्यापूर्वी, म्हणजे जून-जुलैत, संचालकांच्या हाती पडला पाहिजे. सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेच्या तोंडावर गेलात तर चहा मिळेल. रक्कम पन्नास हजार असेल, कधी लाख असेल. पण ज्या शेतकऱ्याच्या रानात उसाआधी मेंढरे बसवली जातात तोच त्या कारखान्याचा सभासद असतो, आणि लेंडीखताचे मोल त्याला समजावून सांगावे लागत नाही. चार पतसंस्था आणि एक दूध संघ आपल्या पाठीशी आहे असे दिसले, की कंपनीच्या बोलण्याचा सूरही बदलतो.

सरकारी बाजूला मी थोडक्यात सांगतो, कारण तेथे पैसा कमी आणि फेऱ्या जास्त. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही केलेली असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर राज्यभर या नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या झाल्या. आपल्या गावची वही मागून पाहा. त्यात मेंढीचा वाण, गवतांची स्थानिक नावे आणि पाणवठे आहेत का ते तपासा, आणि नसतील तर ती वही नव्याने करण्याचे काम समितीकडून लेखी मागून घ्या. यातून पैसे फार मिळणार नाहीत. मिळेल ती कायद्याने स्थापन झालेल्या समितीची भागीदारी, आणि पुढे विद्यापीठाशी बोलताना तिचाच आधार लागणार आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पात गवताळ प्रदेश आणि देशी पशुधन हे दोन्ही विषय आहेत; नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे त्याची विचारणा करावी. ओव्यांसाठी संगीत नाटक अकादमीमार्फत चालणारी अमूर्त वारशाची केंद्रीय योजना आहे, आणि विणकरांसाठी नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना एकदा भेटावे. जाताना घोंगडी बरोबर न्यावी. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे कारागिरांनी एकत्र येऊन जमवलेले कागद होते; घोंगडीच्या कारागिरांची साधी नावनिशीवार यादीही आज कोणाकडे नसेल, तर ती आपण करावी.

राहिले विद्यापीठ. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण 'ज्ञान-भागीदार' या शब्दात ज्ञान कोणाचे आणि भाग कोणाचा, हे लिहिलेले नाही. ध्वनिमुद्रणे आपण केली म्हणून ओव्या आपल्या होत नाहीत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार गाणाऱ्या कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क असतो, मग तो कलाकार माळावर बसून गात असला तरी. ज्यांच्या ओव्या आहेत त्या प्रत्येकाला ध्वनिमुद्रण ऐकवून, ते कोठे जाणार आणि कोण ऐकणार हे सांगून संमती घ्यावी. ज्यांना सही येत नाही त्यांची संमती ध्वनिमुद्रित करावी. काही ओव्या ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच गायच्या असतात, अशा ओव्या देऊच नयेत, असे कोणी म्हणाले तर तो शब्द अखेरचा मानावा. विद्यापीठाला प्रत द्यावी. मूळ मुद्रणे संस्थेकडे आणि एक संच वाड्यावर राहावा. बदल्यात मानपत्रापेक्षा उपयोगाचे काही मागावे: मुद्रणांचे सुरक्षित साठवण, गवतांची शास्त्रीय ओळख पटवून देणे, आणि वाड्यावरच्या एखाद्या मुला-मुलीला संशोधन सहायक म्हणून पगारी काम.

औषधी वनस्पतींच्या नोंदींचे मात्र वेगळे आहे. त्या यात मिसळू नयेत. कोणत्या पाल्याने मेंढीचा कोणता रोग बरा होतो, हे एकदा छापून आले की ते परत घेता येत नाही, आणि त्यावर पुढे कोणी उत्पादन काढले तर लाभाचा वाटा मागायला आपल्याकडे पुरावा उरत नाही. त्या नोंदी आधी जैवविविधता समितीच्या वहीत, देणाऱ्याच्या नावानिशी आणि 'प्रसिद्ध करू नये' या शेऱ्यासह जाव्यात. विद्यापीठाने त्या समितीकडे रीतसर मागाव्यात, आणि समितीने जाणकारांना विचारून ठरवावे. यास वर्ष लागले तरी लागू द्या. प्रबंधाच्या तारखा आपल्या नाहीत.

चौघा विश्वस्तांसाठी एक सूचना. हा विषय बैठकीत मतदानाला टाकू नका, चार विरुद्ध तीन असा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी संस्था दुभंगेल. त्यांना आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना एकाच गाडीत घालून गायरानावर न्या, पाऊस होऊन गेल्यावर, गवत फुलावर असताना आणि संध्याकाळी कळप चरून परतायच्या सुमारास. झाडे कोठे लावायची, हा प्रश्न अधिकाऱ्यांनी तेथे उभे राहून वाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्यालाच विचारावा. ओढ्याकाठी आणि वाटेच्या कडेला बाभळ, बोर, लिंब अशी शे-दोनशे झाडे तो स्वतःच दाखवील, कारण मेंढरांना दुपारची सावली त्यालाही हवीच असते. तेवढी झाडे प्रस्तावात जरूर घाला, टँकरसह.

प्रस्तावाचा मसुदा तयार झाला, की मला पाठवा. अंदाजपत्रकाचे पान मी आधी वाचीन.